गाठ ओलीशी आहे

आपल्याकडे थंडी म्हणजे धावणाऱ्यांचा हंगाम. दिवाळी सरली की पहाटेच्या अंधारात पळणाऱ्यांचे घोळके दिसू लागतात, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन होते, हवा कोरडी आणि जमीन खडखडीत असते. चिखलातून पळायचं तर पावसाळ्याची वाट पाहावी लागते. त्यामुळे इंग्लंडात ऐन जानेवारीत डोंगरमाथ्यांवरून ४३१ किलोमीटरची शर्यत होते असं कळलं, की मनात चित्र उभं राहतं ते शुभ्र बर्फाचं आणि त्यावरून वाऱ्यासारख्या सुटलेल्या पोलादी गड्यांचं. ‘स्पाइन रेस’मध्ये बर्फ कधी असतो, कधी नसतो. चिखल मात्र हटकून असतो, आणि वाऱ्यासारखं तर कुणीच सुटलेलं नसतं.

ही शर्यत २०१२ पासून ‘पेनाइन वे’ या पायवाटेवर भरते. डर्बीशायरमधलं ईडेल सोडायचं आणि उत्तरेकडे जात जात स्कॉटलंडची हद्द ओलांडून कर्क येथम गाठायचं. पेनाइन डोंगररांगेला इंग्लंडचा कणा म्हणतात, शर्यतीचं नाव त्यावरून पडलं. वाट रीतसर खुली झाली १९६५ मध्ये, पण तिची कल्पना टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ मध्येच मांडली होती. त्याच्याही तीन वर्षं आधी शेकडो कामगार तरुण जमीनदारांची बंदी मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले होते आणि त्यातल्या काहींनी त्यापायी तुरुंग भोगला होता. आज धावपटू ज्या चिखलाला नावं ठेवतात, त्यात पाय घालण्याचा हक्क अशा झगड्यातून मिळालेला आहे.

हा चिखल भातखाचरातल्या चिखलासारखाही नाही. पेनाइनच्या माथ्यावर ‘पीट’ असतं. शेवाळ आणि गवत पाण्याखाली पुरतं न कुजता हजारो वर्षं साचत गेलं, त्याचा हा काळा थर. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढणारा आणि स्पंजासारखा पाणी धरून ठेवणारा. वरून जमीन घट्ट दिसते, पाय टाकला की गुडघा आत. इंग्लंडच्या डोंगरवाटांची पुस्तकं लिहिणारे अल्फ्रेड वेनराइट स्वतः ब्लॅक हिलवर असे रुतले, की त्यांना दुसऱ्यांनी ओढून बाहेर काढलं. पुढे वाट टिकावी म्हणून ठिकठिकाणी दगडी फरशा घातल्या गेल्या. त्यातल्या बऱ्याचशा बंद पडलेल्या जुन्या कापडगिरण्यांमधून उखडून आणलेल्या आहेत. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला त्या फरशांवरून चालताना काही वेगळंच वाटेल. पावसात त्या निसरड्याही होतात, चिखलातून सुटून फरशीवर आलेला धावपटू तिथेच आपटतो.

एवढं अंतर म्हणजे भन्नाट वेग हवा, हा सगळ्यात ठळक गैरसमज. साधा हिशेब करून पाहावा. मुदत १६८ तासांची, म्हणजे पूर्ण सात दिवस. झोप, जेवण, मोजे बदलणं सगळं त्यातच. ४३१ ला १६८ ने भागलं तर ताशी अडीच किलोमीटरहून थोडं अधिक येतं. २०२४ मध्ये जॅक स्कॉटने विक्रम केला तो ७२ तास ५५ मिनिटांचा. त्याचाही सरासरी वेग ताशी सहा किलोमीटर भरत नाही. बागेत सकाळी झपझप फेऱ्या मारणारे तेवढ्या वेगाने जातात. मात्र इथे एकूण चढ दहा हजार मीटरहून जास्त आहे आणि चोवीस तासांतले जवळजवळ सोळा अंधाराचे आहेत. चढावर बहुतेक सगळेच चालतात, बाकी ठिकाणी जमेल तसं पळतात. पुढे राहतो तो न थांबणारा.

दुसरा गैरसमज मात्र जीव घेऊ शकतो. पारा शून्याच्या आसपास आहे, उणे वीस तर नाही, मग कसली थंडी, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कडाक्याच्या थंडीत जमीन दगडासारखी गोठते, चिखल कडक होतो आणि कपडे कोरडे राहतात. अशा रात्री अनुभवी मंडळी खूश असतात. वाईट रात्र ती, जेव्हा तीन-चार अंश तापमान असतं, पाऊस आडवा येतो आणि अंगावरचं सगळं भिजलेलं असतं. पाणी शरीरातली उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेतं, वारा त्यात भर घालतो. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्यासाठी हिमालयात जावं लागत नाही.

याचा सगळ्यात भयंकर पुरावा चीनमधला आहे, आणि तो हिवाळ्यातलाही नाही. २२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतात बाययिन शहराजवळ १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत चालू होती. दुपारी गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा एकदम सुटला. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण गेले. त्यात देशातले नावाजलेले धावपटू होते, तयारी कमी पडली असं कुणी म्हणू शकत नव्हतं. बहुतेकांच्या अंगावर अर्धी चड्डी आणि पातळ बनियन होतं, वारारोधक जाकीट बाळगण्याची सक्ती नव्हती. एका मेंढपाळाने काहींना आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन शेकोटीशी बसवलं, म्हणून सहा जण वाचले.

म्हणूनच ‘जितकं ओझं कमी तितकं बरं’ हे सडकेवरच्या मॅरेथॉनचं शहाणपण इथे चालत नाही. स्पाइनमध्ये झोपण्याची पिशवी, खाली अंथरायला गादी, उघड्यावर निवारा करण्याचं साधन, छोटी शेगडी, नकाशा, होकायंत्र, डोक्यावरचा टॉर्च हे सगळं प्रत्येकाने वागवायचं असतं आणि त्याची तपासणीही होते. प्रत्येकाच्या सॅकवर जागा कळवणारं यंत्र असतं. ते पाहून कुणाला वाटतं की मग धोका कसला? पण मदत येईपर्यंतचे दोन-तीन तास माणसाला आपल्याच सॅकमधल्या सामानावर काढायचे असतात.

सामान असून भागत नाही, ते वापरता आलं पाहिजे. पहाटे तीनला, भर वाऱ्यात, एखादा धावपटू जाकिटाची चेन वर ओढू पाहतो. बोटं लाकडासारखी झालेली. चेनचं टोक चिमटीत धरलंय असं त्याला वाटतं, पण चिमूट बसलेलीच नसते. हातमोजे काढून दातांत धरतो, ते पुन्हा चढत नाहीत. खिशात चॉकलेट आहे, वेष्टन फाडता येत नाही. खाणं गेलं की ऊब गेली, ऊब गेली की डोकं चालेनासं होतं. हे ठाऊक असलेले लोक वेष्टनं घरीच कापून ठेवतात, चेनला जाड दोरीचे फास बांधतात आणि जाकीट पाऊस येण्याआधी चढवतात. हुडहुडी भरेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. आणि भरलेली हुडहुडी अंगात ऊब न येताच थांबली, तर ते सुधारण्याचं नव्हे, बिघडण्याचं लक्षण. बोलणं अडखळतं, माणूस चिडचिडा होतो, आपल्याला काहीही झालेलं नाही असं ठासून सांगतो. अशा वेळी सोबत्याने त्याचं ऐकायचं नसतं. आडोसा, कोरडे कपडे, अंगाखाली काहीतरी जाडसर आणि शुद्धीवर असेल तर गरम, गोड पेय. हातपाय जोरजोरात चोळू नयेत. ब्रँडीचा घोट तर मुळीच देऊ नये. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर गरम वाटतं आणि आतली उष्णता आणखी लवकर निघून जाते.

पायांबद्दल तर गैरसमजांचा डोंगर आहे. चिखल आहे ना, मग पूर्ण जलरोधक बूट घ्यावेत, हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. पण पाणी घोट्याच्या वरून आत शिरतं, आणि जो बूट पाणी आत येऊ देत नाही तो बाहेरही जाऊ देत नाही. मग धावपटू दोन छोटी डबकी पायात घालून चालत राहतो. बरेच जण जाळीदार बूट घेतात, ज्यातून पाणी चार पावलांत निथळून जातं, आणि तळ खोल दातऱ्यांचा निवडतात. काही जण आत जलरोधक मोजे घालतात. कुठल्याही बुटाने पाय कोरडे राहत नाहीत, त्यामुळे मधूनमधून ते कोरडे करणं हाच उपाय उरतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय गोळीशिवाय निकामी झाले. पाणी गोठण्याइतकी थंडी नसतानाही दिवसचे दिवस ओल्या बुटांत राहून पाय बधिर होतो, सुजतो, कातडी सडू लागते. तेव्हा ब्रिटिश सैन्यात रोज मोजे बदलण्याची आणि पायांना देवमाशाचं तेल चोळण्याची शिस्त लावली गेली. आज तेलाच्या जागी व्हॅसलीनसारखं मलम आलं, बाकी शिस्त तीच.

पाण्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. ‘तहान लागण्याआधी भरपूर प्या’ हा उपदेश इतका मुरला आहे, की त्यातला धोका कुणाला दिसत नाही. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम असावं त्याहून खाली गेलेलं आढळलं, आणि त्याचा ठळक संबंध शर्यतीत वजन वाढेपर्यंत पाणी पिण्याशी निघाला. थंडीत तहान मंदावते हे खरं, म्हणून अजिबात न पिणंही चूक. घोट घोट, तहानेच्या कलाने आणि खारट खाण्याबरोबर. असं खाणं वाटेत क्रॉस फेलपाशी मिळतं. क्रॉस फेल हे पेनाइनचं सर्वात उंच शिखर, ८९३ मीटर. त्याच्या उत्तरेच्या उतारावर शिसं खणणाऱ्या कामगारांची एक जुनी दगडी खोली आहे, ग्रेग्ज हट. शर्यतीत तिथे स्वयंसेवक गरमागरम नूडल्स हातात देतात. वारा खात आलेल्या माणसाला त्या वाडग्याचं काय वाटतं, हे राजगडावर भर पावसात कुणाच्या हातची पिठलं-भाकरी खाल्लेल्याला वेगळं सांगायला नको.

ही पुरुषी ताकदीची शर्यत आहे, हा समज जानेवारी २०१९ मध्ये जास्मिन पॅरिस यांनी मोडला. त्या पशुवैद्य आणि संशोधक. लेक चौदा महिन्यांची, अंगावर पिणारी. दूध साचून त्रास होऊ नये म्हणून त्या थांब्यांवर दूध काढत होत्या, त्याच वेळात खात होत्या, आवराआवर करत होत्या. ८३ तास १२ मिनिटांत त्या कर्क येथमला पोचल्या. स्त्रियांत पहिल्या नव्हे, सगळ्यांत पहिल्या. तोवरचा विक्रम ९५ तास १७ मिनिटांचा होता, ओइन कीथ यांनी २०१६ मध्ये केलेला. जवळजवळ साडेतीन दिवसांत त्यांची एकूण झोप तीनेक तासांची. शेवटी त्यांना खडकांतून प्राणी निघताना दिसत होते. असे भास अपुऱ्या झोपेने कुणालाही होतात, त्यावरून कुणी कमकुवत ठरत नाही. पण भास होऊ लागले की नकाशावर भरवसा ठेवावा आणि शक्य तिथे थोडं झोपून घ्यावं, हे लांब पल्ल्याचे जाणते लोक सांगतात.

त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर होते स्पेनचे युजेनी रोसेल्यो सोले. २०१३ ची स्पाइन त्यांनीच जिंकली होती. शेवट अवघ्या सहाएक किलोमीटरवर आला असताना, चेव्हियटच्या डोंगरात, त्यांनी मदतीचं बटण दाबलं. चारशेहून जास्त किलोमीटर मागे टाकल्यावर! सोडून देणं म्हणजे हार, असं मानणाऱ्यांना हे पचत नाही. पण त्या माथ्यावर काय चाललंय हे ज्याला कळत होतं त्याने घेतलेला तो निर्णय होता, आणि त्यामुळे ते सुखरूप घरी गेले. दरवर्षी सुरुवात करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मधेच थांबतात. त्यातले कितीतरी पुढच्या वर्षी पुन्हा ईडेलला उभे असतात.

कर्क येथमला शर्यत संपते ती बॉर्डर हॉटेलच्या भिंतीला हात लावून. वेनराइट यांनी एके काळी पेनाइन वे पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला इथे आपल्या खर्चाने बिअर ठेवली होती. स्पाइनचे धावपटू भिंतीला हात लावतात, कुणी कपाळ टेकवतात, कुणी तिचा मुका घेतात. मग आत नेऊन खुर्चीवर बसवलं जातं. बुटांच्या नाड्या भिजून, चिखल वाळून इतक्या आवळलेल्या असतात की सुजलेल्या बोटांना गाठ सुटत नाही. कुणीतरी स्वयंसेवक समोर गुडघ्यावर बसतो आणि ती सोडवू लागतो.