बारकोड लेसर स्कॅनर

बारकोड लेसर स्कॅनर हे वस्तूंच्या वेष्टनावरील बारकोड लेसर किरणाच्या साहाय्याने वाचणारे उपकरण आहे. सुपरमार्केट, औषधांची दुकाने, ग्रंथालये व गोदामे येथे त्याचा वापर होतो. त्यातील लाल प्रकाश डोळ्यांना व खाद्यपदार्थांना अपायकारक आहे का, अशी शंका अनेकदा घेतली जाते. नेहमीच्या वापरात हे उपकरण सुरक्षित मानले जाते.

इतिहास

नॉर्मन जोसेफ वुडलँड व बर्नार्ड सिल्व्हर या अमेरिकन संशोधकांनी १९४९ मध्ये बारकोडच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते १९५२ मध्ये मंजूर झाले. त्या वेळी लेसरचा शोध लागलेला नव्हता. पहिला लेसर १९६० मध्ये तयार झाला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथील मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरील बारकोड वाचून पहिली विक्री नोंदवली गेली. सुरुवातीच्या स्कॅनरमध्ये ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीचा हीलियम-निऑन लेसर असे. पुढे त्याची जागा आकाराने लहान व स्वस्त अशा अर्धवाहक लेसर डायोडने घेतली. त्याची तरंगलांबी साधारणपणे ६५० नॅनोमीटर असते.

कार्यपद्धती

स्कॅनरच्या काचेवर लाल रेषांचे जाळे दिसत असले, तरी प्रत्यक्षात तो वेगाने फिरणारा एकच ठिपका असतो. लेसरचा किरण फिरत्या बहुभुज आरशावर पडतो आणि तेथून भोवतीच्या स्थिर आरशांवर आदळून वेगवेगळ्या दिशांना रेषा आखतो. त्यामुळे वस्तू कशीही धरली तरी एखादी रेषा संपूर्ण बारकोड ओलांडते. हातात धरायच्या स्कॅनरमध्ये सहसा मागेपुढे हलणारा एकच आरसा असतो.

काळ्या पट्ट्या प्रकाश शोषून घेतात व पांढऱ्या जागा तो परावर्तित करतात. परत आलेल्या प्रकाशाचे फोटोडायोड विद्युत संकेतात रूपांतर करतो. संकेतातील चढउतारांच्या कालावधीवरून पट्ट्यांची रुंदी व त्यावरून अंक ठरतात. शेवटचा तपासणी अंक आधीच्या अंकांच्या गणिताशी जुळला, तरच वाचन स्वीकारले जाते. बारकोडमध्ये सहसा किंमत नसते. मिळालेल्या क्रमांकावरून दुकानाचा संगणक ती शोधतो. लाल शाईच्या पट्ट्या लाल प्रकाश परावर्तित करत असल्याने पांढऱ्या जागेपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत.

सुरक्षितता

लेसरचा किरण जवळजवळ समांतर असतो. डोळ्याचे भिंग त्याला दृष्टिपटलावरील अतिशय लहान बिंदूवर एकवटते. त्यामुळे साध्या दिव्याच्या तुलनेत अल्प शक्तीचा लेसरही घातक ठरू शकतो. लेसर उपकरणांचे वर्गीकरण आयईसी ६०८२५-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार केले जाते. बारकोड स्कॅनर सामान्यतः वर्ग १ किंवा वर्ग २ मध्ये मोडतात. वर्ग १ ची उपकरणे नेहमीच्या वापरात सुरक्षित असतात. वर्ग २ मध्ये सतत किरणाची मर्यादा १ मिलिवॉट असते. तीव्र प्रकाश पडताच सुमारे ०.२५ सेकंदात पापणी मिटते किंवा नजर वळते, असे येथे गृहीत धरलेले आहे.

किरणाची गती हे आणखी एक संरक्षण आहे. सेकंदाला १०० वेळा २० सेंटिमीटर लांबीची रेषा आखणारा ठिपका ७ मिलिमीटर व्यासाची बाहुली सुमारे ०.३५ सहस्रांश सेकंदात ओलांडतो. रेषेच्या एकूण प्रकाशापैकी जेमतेम ३.५ टक्के प्रकाशच डोळ्यात शिरतो. आरसा बंद पडल्यास किरण एकाच जागी स्थिरावू शकतो. म्हणून अशा वेळी लेसर आपोआप बंद करण्याची सोय अनेक स्कॅनरमध्ये असते.

या प्रकाशात आयनीकारक प्रारण नसते. तो क्ष-किरणांसारखा पेशींतील रेणूंवर परिणाम करत नाही व खाद्यपदार्थांत साठूनही राहत नाही. मात्र मुद्दाम किरणाकडे टक लावून पाहणे, तो भिंगातून किंवा दुर्बिणीतून पाहणे आणि स्कॅनर उघडून आतील लेसर चालू करणे टाळावे. आवरण काढल्यावर बाहेरील वर्गाची हमी लागू राहत नाही.

पर्याय

कॅमेरा व एलईडी दिवे वापरणाऱ्या स्कॅनरमध्ये लेसरची गरज नसते. ते क्यूआर कोड व मोबाइलच्या पडद्यावरील बारकोडही वाचू शकतात.

हे सुद्धा पहा

बारकोड
लेसर
क्यूआर कोड