वस्तू फिरते की फक्त नोंद? चक्रीय अर्थव्यवस्थेतले डिजिटल प्लॅटफॉर्म

'चक्रीय अर्थव्यवस्थेत डिजिटल प्लॅटफॉर्मची भूमिका' हा विषय घ्यायचा विचार करताय? मग आधी 'भूमिका' या शब्दाची फोड करा. ढोबळमानाने प्लॅटफॉर्म तीन कामं करतो.

१. गाठ घालून देणे: जुना फोन विकणारा आणि घेणारा एकमेकांना सापडतात.
२. माहिती आणि विश्वास: वस्तूची अवस्था, किंमत, विक्रेत्याचा पूर्वानुभव कळतो.
३. हिशेब ठेवणे: कोणी किती माल पुन्हा वापरात आणला, याची नोंद होते.

तिसऱ्या कामाचं आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्लास्टिक वेष्टनांसाठीचं पोर्टल. २०२२ च्या नियमांनुसार उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालकांवर 'विस्तारित उत्पादक जबाबदारी' आहे. नोंदणीकृत प्रक्रिया करणारे उद्योग केलेल्या कामाची प्रमाणपत्रं तयार करतात आणि कंपन्या ती विकत घेऊन आपलं उद्दिष्ट पूर्ण करतात. कल्पना छान आहे. पण पुढे तपासणीत लाखो बनावट प्रमाणपत्रं उघडकीला आली. म्हणजे प्लास्टिक होतं तिथेच राहिलं, फिरली ती फक्त नोंद!

आता याच साखळीचं खालचं टोक बघा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून काम करते आहे. माल वेचायचा, निवडायचा, वेगळा करायचा, हे मूळ काम या लोकांचं. प्रमाणपत्र मात्र प्रक्रिया करणाऱ्याच्या खात्यावर तयार होतं. त्या प्रमाणपत्राच्या पैशातलं वेचणाऱ्या बाईपर्यंत किती पोचतं, हा प्रश्न पोर्टलच्या आकड्यांवरून सुटत नाही. त्यासाठी भंगारच्या दुकानात जाऊन भाव विचारावे लागतात.

पहिल्या कामातही अशीच एक मेख आहे. झिंक आणि गेयर यांनी २०१७ मध्ये 'चक्रीय अर्थव्यवस्थेचा उलट परिणाम' मांडला. जुना फोन विकला गेला म्हणून नव्याची विक्री तेवढीच घटते असं नाही. उलट, जुन्याचे पैसे हातात आले की माणूस नवा लवकर घेईल, हीसुद्धा शक्यता असते. म्हणून प्लॅटफॉर्मवर किती व्यवहार झाले यावरून थेट 'इतकं उत्पादन वाचलं' असं लिहू नका.

थोडक्यात, प्रश्न 'प्लॅटफॉर्मचा फायदा होतो का?' असा ठेवलात तर हाती फारसं लागणार नाही. त्याऐवजी असं विचारा: कोणतं काम, कोणत्या मालासाठी, कोणाच्या फायद्याचं आणि ते मोजलं कशावरून? एवढं एका पानावर लिहून काढा, मगच मार्गदर्शकांकडे जा.