सायकल जागेवर, आणि तुम्ही?

मे महिना. सकाळचे आठ वाजलेत. नवी पेठेतली शटरं अजून अर्धी बंद आहेत, पण ऊन मात्र पूर्ण उघडलंय. तुम्ही सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरायला लागता आणि वरून आईचा आवाज येतो, ‘‘अगं बाई, ऊन बघ की जरा! चक्कर येऊन पडलं म्हणजे?’’

दुसऱ्या दिवशी तुम्ही पहाटे पाचला उठता. तर आता वेगळं कारण. अंधार आहे, हायवेला ट्रक असतात, कुत्री मागं लागतात. आणि तुम्ही मुलगी असाल तर कारण सांगायचीही गरज कुणाला वाटत नाही. ‘नाही म्हटलं ना!’ विषय संपला.

राहिली संध्याकाळ. तर संध्याकाळी नवी पेठेत सायकल चालवायची म्हणजे ती हातात धरून चालायचं!

खरं सांगायचं तर घरचे उगाच घाबरत नाहीत. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या मागं लागलेल्या दोन-दोन ट्रॉल्या तुम्हीही पाहिल्यात. त्यामुळं सोलापुरात सायकल चालवायची हौस असलेल्या अनेकांची सायकल जिन्याखाली धूळ खात पडते. त्यावर एक उपाय आहे, तो म्हणजे सायकल घरातच चालवायची. ट्रेनर नावाच्या स्टँडवर मागचं चाक बसवायचं, समोर मोबाइल किंवा लॅपटॉप ठेवायचा, ॲप सुरू करायचं आणि पेडल मारायचं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये जगभरात अनेकांनी हेच केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, म्हणजे यूसीआयनं, पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा झ्विफ्ट या ॲपवर घेतली. खेळाडू आपापल्या घरी, शर्यत पडद्यावर.

हे वाचून तुमचा पहिला प्रश्न काय असणार, ते माहितीय. ‘कुठलं ॲप बेस्ट आहे?’

थांबा. त्याआधी एक सांगा. सायकल चालवताना तुम्हाला नेमकं आवडतं काय? सोबतचे मित्र? मागं पडणारा रस्ता? कालच्यापेक्षा आज वाढलेला वेग? की कुणी काही विचारत नाही असा अर्धा तास? ॲप कुठलं घ्यायचं, याचं उत्तर या प्रश्नात आहे. आणि ते शोधायला एक रुपयाही लागत नाही. चार दिवस द्या. घरात ट्रेनर नसेल तर कॉलेजच्या किंवा ओळखीतल्या जिममधली जागेवरची सायकल चालेल.

चार दिवसांची चाचणी

पहिला दिवस, काहीच नको. समोर पंखा, कानात गाणी, घड्याळात तीस मिनिटं. बस्स. उतरल्यावर डोकं हलकं वाटलं आणि पडद्याची आठवणही झाली नाही, तर तुम्हाला ॲपची गरज नाही. हे ऐकायला फार साधं वाटतं, पण पुढचे दर महिन्याचे पैसे इथंच वाचतात.

दुसरा दिवस, सोबत. मैत्रिणीला किंवा मित्राला व्हिडिओ कॉल लावा. दोघंही पेडल मारा. मध्येच पाच मिनिटं लावा की शर्यत. वेळ कसा गेला ते कळलंच नाही ना? मग तुमचा माल झ्विफ्ट आणि मायवूशमध्ये आहे. ही दोन्ही ॲप्स म्हणजे सायकलचा गेमच. तुमचा पुतळा पडद्यावर सायकल चालवतो, तुम्ही जोर लावला की तो पळतो, आणि बाजूनं जगभरातले खरे लोक जात असतात. झ्विफ्टचं वातोपिया नावाचं काल्पनिक बेट प्रसिद्ध आहे. तिथला ‘आल्प द्यु झ्विफ्ट’ हा चढ फ्रान्समधल्या आल्प द्युएझ या खऱ्या घाटावरून बनवलाय. २१ वळणं, १२ किलोमीटर आणि हजार मीटरहून जास्त चढाई! तुळजापूरचा घाट सोडला तर आपल्याकडं चढ आहे कुठं? त्यामुळं सपाटीवरच्या माणसाला याची मजा वेगळीच.

तिसरा दिवस, रस्ता. एखाद्या घाटाचा किंवा समुद्रकाठच्या रस्त्याचा लांब व्हिडिओ लावा आणि चालवा. नजर पडद्यावरून हटली नाही, पुढच्या वळणामागं काय असेल असं वाटत राहिलं, तर रूवी बघा. हे मूळचं चेक प्रजासत्ताकातलं ॲप. यात कार्टूनचं जग नसतं, खऱ्या रस्त्यांचं चित्रीकरण असतं. व्हिडिओत चढ आला की स्मार्ट ट्रेनर पेडल जड करतो. ज्यांना शर्यत नको, फिरणं हवं, अशांसाठी हे.

चौथा दिवस, आकडे. पाच मिनिटं हळू. मग चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. शेवटी पुन्हा पाच मिनिटं हळू. जोरात म्हणजे दोन-तीन शब्दांपलीकडं बोलता येऊ नये इतकं, आणि हळू म्हणजे पूर्ण वाक्य बोलता यावं इतकं. प्रत्येक फेरीनंतर कागदावर टिक करा. ती टिक करताना आनंद झाला का? अभ्यासाचं वेळापत्रक रंगीत पेनांनी आखणाऱ्यांपैकी तुम्ही आहात का? मग ट्रेनररोड तुमच्यासाठी. यात ना बेट, ना पुतळा. नुसते निळे ठोकळे आणि आजचा ठरलेला सराव.

चारही दिवस संपले की प्रत्येक दिवसापुढं एकच गोष्ट लिहा, ‘उद्या परत बसावंसं वाटलं का?’ घाम किती आला, कॅलरी किती जळल्या, हे सोडा. ज्या सरावाला परत बसावंसं वाटतं, तोच टिकतो.

आकड्यांची भाषा

या ॲप्समध्ये शिरलात की एफटीपी हा शब्द रोज कानावर पडेल. साधारण तासभर टिकवता येईल अशी तुमची कमाल ताकद म्हणजे एफटीपी. ती वॅटमध्ये मोजतात. तासभर कोण मरेल, म्हणून वीस मिनिटं जिवाच्या आकांतानं चालवायचं आणि सरासरीच्या ९५ टक्के धरायचे. म्हणजे वीस मिनिटांची सरासरी १६० वॅट आली तर एफटीपी १५२. पुढचा सगळा सराव या आकड्याच्या टक्क्यांवर ठरतो.

दुसरा शब्द अर्ग मोड. यात ॲप सांगतं ‘१२० वॅट’ आणि ट्रेनर तेवढा भार धरून ठेवतो. तुम्ही पाय हळू केले की तो पेडल आणखी जड करतो. गिअर बदलून पळवाट काढता येत नाही. काहींना ही शिस्त फार आवडते. काहींना वाटतं, घरात पण सर आले की काय!

खिसा आधी बघा

आता खर्चाचं. झ्विफ्टचं मासिक शुल्क वीस डॉलरच्या घरात आहे, म्हणजे रुपयांत सतराशेच्या वर. ट्रेनररोडही स्वस्त नाही. हॉस्टेलच्या मेसच्या बिलाशेजारी हा आकडा ठेवून बघा. मायवूश मात्र फुकट आहे. ते अबू धाबीचं ॲप, आणि २०२४ची यूसीआय ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा त्याच्यावरच झाली. त्यामुळं फुकट म्हणजे टाकाऊ असं समजू नका.

पण इथं एक गोम आहे. फुकट ॲपला लागणारं उपकरण फुकट नसतं. पॉवर मोजणारा स्मार्ट ट्रेनर घ्यायचा तर बजेट हजारोंत वाढतं. उलट साधा ट्रेनर आणि चाकाला लावायचा स्पीड सेन्सर एवढ्यावर झ्विफ्ट किंवा ट्रेनररोड अंदाजे वॅट काढून देतं, पण त्यांना महिन्याचे पैसे लागतात. म्हणून ट्रेनर घेण्याआधी, तुम्हाला हव्या असलेल्या ॲपची उपकरणांची यादी उघडून बघा. दुकानदाराच्या ‘सगळं चालतंय की ओ’वर जाऊ नका.

सायकलही तपासा. जाड गुट्ट्यांचा टायर ट्रेनरवर एवढा आवाज करतो की खालच्या मजल्यावरचे काका वर येतील. गुळगुळीत टायर घाला, खाली जाड सतरंजी किंवा रबरी मॅट टाका. वर घर आणि खाली दुकान अशा आपल्या जुन्या इमारतींत हा शेजारधर्म पाळावाच लागतो.

आणि सगळ्यात आधी पंखा. ही गोष्ट गंमत म्हणून सांगत नाही. पेडलवर १५० वॅट लावले की शरीरात त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता तयार होते. रस्त्यावर वारा ती नेतो, घरात नेणारं कुणी नसतं. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळं खिडकी उघडी ठेवून कूलर लावला तर चांगला उपयोग होतो. तरीही बंद, पत्र्याच्या खोलीत दुपारी चालवायचं नाही म्हणजे नाही. पाण्याची बाटली हाताशी हवी, आणि गरगरलं, मळमळलं, अंगावर काटा आला तर लगेच उतरायचं. सराव उद्याही होतो.

वजनाचा रकाना

ॲप सुरू करताना ते तुमचं वजन विचारतं. कारण चढावर वेग ठरतो तो वॅट भागिले वजन या हिशोबानं. १५२ वॅट आणि ६० किलो म्हणजे किलोमागं अडीच वॅट. इथं दोन मोह होतात.

पहिला मोह खोटं लिहायचा. पाच किलो कमी लिहिले की पुतळा चढावर सुसाट. इंग्लंडमध्ये २०१९ साली राष्ट्रीय ई-रेसिंगचं विजेतेपद मिळवलेल्या एका सायकलपटूनं गेममधली वेगवान सायकल मिळवण्यासाठी सॉफ्टवेअर वापरून खोटे किलोमीटर जमवल्याचं उघड झालं. ब्रिटिश सायकलिंगनं त्याचं विजेतेपद काढून घेतलं, अडीचशे पौंडांचा दंड केला आणि सहा महिन्यांची बंदी घातली.

दुसरा मोह जास्त वाईट, खरंच वजन पाडायचा. रात्रीचं जेवण बुडवायचं, सकाळी उपाशीपोटी तासभर चालवायचं आणि पडद्यावरचा आकडा वाढला की खूश व्हायचं. तो आकडा वाढतो काही आठवडे, नंतर तुम्हीच ढासळता. जिना चढताना थकवा, वर्गात डुलक्या, मुलींची पाळी लांबणं, ही लक्षणं दिसली तर ॲप बंद करा आणि डॉक्टरांकडं जा. खायचं कमी करून वेगवान व्हायचा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, मग तो मित्र असो की यूट्यूबवाला. भाकरी, आमटी, शेंगाचटणी खाऊनच पायात जोर येतो.

मग रस्त्याचं काय?

घरात बसून सायकलपटू होता येतं का? ऑस्ट्रेलियाच्या जे वाइननं २०२० साली झ्विफ्टची निवड स्पर्धा जिंकली, त्यातून त्याला व्यावसायिक संघाचा करार मिळाला. पण २०२२च्या व्हुएल्टा शर्यतीत त्यानं दोन टप्पे जिंकले ते स्पेनच्या खऱ्या डोंगरांवर. आपल्याकडचं बघा. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघानं पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये हीच साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत एकट्यानं पार केली. वाळवंटातलं ऊन, समोरून येणारा वारा, अपुरी झोप आणि तरी पुढं जाणं, यातलं काहीच खोलीत शिकता येत नाही.

ट्रेनरवर तोल सांभाळावा लागत नाही, ब्रेक लावावा लागत नाही, खड्डा चुकवावा लागत नाही. त्यामुळं आठवडाभर घरात चालवून पाय तयार झाले तरी रस्त्याची सवय मोडू देऊ नका. त्यासाठी घरच्यांशी भांडायचंही कारण नाही. त्यांच्या भीतीला एकेक करून उत्तर द्या. एकटं नाही, तिघं-चौघं मिळून. अंधारात नाही, उजाडल्यावर. डोक्यावर हेल्मेट, मागं लाल दिवा, मोबाइलवर लोकेशन सुरू. आधी भुईकोट किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाला एक फेरी. ती नीट जमली की एखाद्या रविवारी हिप्परग्याच्या तलावापर्यंत. जाऊन ठरल्या वेळेला परत या. वेळेवर परत येणं चार वेळा जमलं की पाचव्या वेळी ‘नाही म्हटलं ना’ जरा हळू आवाजात येतं.

तोवर सोमवार ते शनिवार खोली आहेच. आजपासून चार दिवस मोजा. पहिल्या दिवशी फक्त पंखा, गाणी आणि तीस मिनिटं. ॲप डाउनलोड करायची घाई नको.