विश्लेषण : तान्ह्या बाळाला दुचाकीवर नेताना नियम काय सांगतो आणि कुठे गप्प राहतो?

रुग्णालयातून घरी, लसीकरणासाठी दवाखान्यात, काही महिन्यांनी माहेरहून सासरी, पुढे जावळासाठी कुलदैवताला. पहिल्या वाढदिवसाआधीच बाळाचा बराच प्रवास होतो. छत्रपती संभाजीनगरमध्ये यातील जवळच्या फेऱ्या अनेक घरांत दुचाकीवरच होतात. वडील पुढे, आई मागे एका बाजूला पाय सोडून आणि तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेले बाळ, हे दृश्य जालना रोडपासून सिडको-हडकोच्या गल्ल्यांपर्यंत रोजचे आहे. केंद्र सरकारने दुचाकीवरील लहान मुलांसाठी स्वतंत्र नियम केला असला तरी तो लागू होतो तो नवव्या महिन्यापासून. त्याआधीच्या बाळांचे काय?

नियम नेमका काय आहे?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३८ मध्ये दुरुस्ती केली. ती वर्षभरानंतर, १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली. त्यानुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाचे मूल दुचाकीवर असेल तर तीन गोष्टी बंधनकारक आहेत. मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा म्हणजेच सेफ्टी हार्नेस, डोक्याला नीट बसणारे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नसलेला वेग.

हा हार्नेस म्हणजे मुलाने घालायचे जाकीट. त्याला जोडलेले पट्टे चालकाने दप्तरासारखे खांद्यांत अडकवायचे असतात, त्यामुळे मुलाचे छाती-पोट चालकाच्या शरीराशी घट्ट राहते. तो वजनाला हलका, लहान-मोठा करता येणारा, जलरोधक आणि ३० किलोपर्यंतचा भार पेलणारा असावा, असे नियमात म्हटले आहे. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये आहे. कलम १२९ किंवा त्याखालील नियम मोडल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरण्याची तरतूद कलम १९४ ड मध्ये आहे.

नऊ महिन्यांच्या टप्प्याला काय अर्थ?

बाळाच्या वाढीकडे पाहिले की हा टप्पा लक्षात येतो. मान साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सावरते. आधाराशिवाय बसणे त्यानंतरचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासानुसार निरोगी बाळे ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान कधीतरी आधाराशिवाय बसू लागतात. हार्नेस खांदे आणि छाती धरून ठेवतो, डोके नाही. डोके बाळाला स्वतःच्या मानेने सांभाळावे लागते. नवजात बाळाचे डोके शरीराच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि ते पेलणारे मानेचे स्नायू अजून कच्चे असतात. त्यावर हेल्मेटचे वजन आले की मानेवरचा ताण वाढतो.

नऊ महिने पूर्ण झाले म्हणजे धोका संपला, असेही नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना वर्षाखालील बाळाला सायकलच्या आसनावरही बसवू नये असे सांगते, आणि सायकलचा वेग स्कूटरपेक्षा कितीतरी कमी असतो.

त्याआधीच्या बाळाबद्दल नियम काय म्हणतो?

काहीच नाही. नऊ महिन्यांखालील बाळाला दुचाकीवर न्यावे की नेऊ नये, नेल्यास कसे, यावर हा उपनियम मौन बाळगतो. अनेक पालक या मौनाचा अर्थ परवानगी असा घेतात. प्रत्यक्षात या वयाच्या बाळासाठी ना हार्नेस योग्य, ना हेल्मेट. सुरक्षिततेचे एकही साधन लागू पडत नसेल तर वाहनच चुकीचे आहे, असे समजणे शहाणपणाचे.

अडचण अशी की बाळाच्या न टाळता येणाऱ्या फेऱ्या याच काळात येतात. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार जन्मावेळच्या लसींनंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना लसी असतात. त्यानंतर नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस. म्हणजे जन्मानंतरच्या चारपैकी तीन फेऱ्या साडेतीन महिन्यांच्या आतच होतात, जेव्हा बाळाची मान जेमतेम सावरू लागलेली असते.

आई, बाबा आणि बाळ हे ट्रिपल सीट ठरते का?

कायद्याच्या शब्दांत पाहिले तर हो. मोटार वाहन कायद्याचे कलम १२८ दुचाकीवर चालकाशिवाय एकाच व्यक्तीला परवानगी देते. त्यात बाळासाठी सवलत नाही. केरळमध्ये २०२३ मध्ये रस्त्यांवर एआय कॅमेरे सुरू झाले तेव्हा हाच प्रश्न पेटला होता. आई-वडिलांसोबतच्या लहान मुलाला तिसरी व्यक्ती धरू नये, ही मागणी केंद्राने मान्य केली नाही.

हार्नेसची रचनाही चालक आणि मूल या दोघांचाच विचार करते. मुलाला बांधायचे ते चालकाशी. मागे बसलेल्या आईच्या मांडीवरचे बाळ या चौकटीत कुठेच बसत नाही.

मांडीवर धरलेले बाळ किती सुरक्षित?

साधे गणित पाहू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. या वेगातली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर सहा किलोचे बाळ त्या क्षणी हाताला सुमारे ६८ किलोचे लागते. शालीची गाठ, ओढणीचा पदर किंवा आईचा एक हात एवढे ओझे धरू शकत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाचा आघात सहा मीटरहून जास्त उंचीवरून, म्हणजे साधारण दुसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. वेग निम्मा केला तर आघाताची ऊर्जा एक चतुर्थांश होते. नियमात वेगाची मर्यादा आहे ती यासाठीच.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीस्वारांचा वाटा ४४.५ टक्के होता.

मग लसीकरणाला जायचे कसे?

पहिला उपाय अंतर कमी करण्याचा. सरकारी वेळापत्रकातील लसी महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण भागात अंगणवाडीतील लसीकरण सत्रांत मोफत मिळतात. जन्म शहराच्या दुसऱ्या टोकाला झाला असला तरी पुढच्या लसी तिथेच घ्याव्या लागत नाहीत. बाळाचे लसीकरण कार्ड सोबत ठेवून घराजवळच्या केंद्रात जाता येते. जवळचे सत्र कोणत्या दिवशी असते, हे आशाताईंना विचारावे.

दुसरा उपाय वाहन बदलण्याचा. अनेक घरांत आई आणि बाळ रिक्षाने जातात आणि वडील मागून दुचाकीवर येतात. दोन्हीकडचे भाडे वाचत नाही, पण महत्त्वाच्या तीन-चार फेऱ्यांपुरता हा खर्च झेपण्यासारखा असतो. रिक्षात बाळाला घेऊन उघड्या बाजूला न बसता मधल्या जागी बसावे. शहरात २०१९ पासून 'माझी स्मार्ट बस'ही धावते.

तिसरी सोय अनेकांना माहीत नसते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ रोजी सुरू झाला. सरकारी रुग्णालयात बाळंतपण झाल्यावर आई आणि बाळाला घरी सोडण्याचे वाहन त्यात मोफत आहे. २०१४ पासून वर्षाच्या आतील आजारी बाळालाही या कार्यक्रमाचा लाभ मिळतो. त्यासाठी १०२ क्रमांकावर फोन करायचा. तातडीच्या प्रसंगी १०८.

दुचाकीशिवाय मार्गच नसेल तर?

शेतवस्तीवरून किंवा रात्री-अपरात्री निघताना अशी वेळ येते. धोका पूर्ण टळत नाही, पण काही गोष्टी पाळता येतात.

- वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास ठेवावा, वर्दळीचा रस्ता आणि उड्डाणपूल टाळावेत.
- बाळाला टाकीवर किंवा स्कूटरच्या पायदानावर कधीही ठेवू नये. पुढून धडक बसली तर पहिला मार त्यालाच लागतो.
- बाळाचे नाक-तोंड सतत दिसले पाहिजे. हनुवटी छातीला टेकली की तान्ह्या बाळाचा श्वासमार्ग दबू शकतो. धूळ किंवा ऊन लागू नये म्हणून तोंडावरून शाल ओढून घेणे म्हणूनच धोक्याचे.
- मागच्या चाकाचे निम्मे तरी झाकणारी जाळी गाडीला असणे नियमानेच आवश्यक आहे. साडी, ओढणी आणि शालीची टोके आत खोचून घ्यावीत.
- एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. निघायचे तर सकाळी लवकर. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी न देता अंगावरच वारंवार पाजावे.

कारने किंवा लांबच्या प्रवासाला निघाल्यास?

कारमध्ये मांडी ही सुरक्षित जागा नाही. १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालसुरक्षा आसनाशिवाय नेल्यास कलम १९४ ब नुसार एक हजार रुपये दंड आहे. तान्ह्या बाळाचे आसन मागच्या सीटवर, तोंड गाडीच्या मागच्या दिशेला करून बसवायचे. आईने स्वतःच्या पट्ट्यातच बाळाला घेणे घातक ठरते, कारण धडकेत तिच्या शरीराचा सगळा भार बाळावर येतो. आसन विकत घेताना त्यावर एआयएस-०७२ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावे.

एसटीत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. त्यामुळे बाळाला घेऊन माहेरी जाणाऱ्या आईला एसटी स्वस्त पडते. बसस्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्षाची योजना आहे. उतरल्यावर तो कुठे आहे, हे चौकशी खिडकीवर विचारावे. बंद असेल तर उघडून मागावा. रेल्वेतही पाच वर्षांखालील मुलासाठी वेगळा बर्थ घेतला नाही तर भाडे लागत नाही. आई-बाळासाठी आरक्षण करताना खालचा बर्थ मागितलेला बरा.

पुढे काय?

नऊ महिन्यांखालील बाळाबाबत नियमात स्पष्ट वाक्य येईपर्यंत निर्णय पालकांनाच घ्यायचा आहे. गोवर-रुबेलाच्या लसीची तारीख आणि हार्नेसचा नियम लागू होण्याचे वय हे दोन्ही एकाच महिन्यात येतात. तोवरच्या तीन लसी घराजवळच्या केंद्रात, रिक्षाने किंवा पायी जाऊन घेता आल्या, तर बाळाला दुचाकीवर बसवण्याची वेळच येत नाही.