सायकलीआधी दोन दिवस ॲमस्टरडॅमला द्या

गादीवाफ्यातले रोप शेतात लावले की पहिले दोन-तीन दिवस ते मान टाकते. पाणी थोडे तोडून आधी कणखर केलेले रोप मात्र लवकर सावरते. परदेशी जाणाऱ्या माणसाचेही असेच असते, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या शेतकरी कुटुंबांतील काही मुले-मुली आता हॉलंडमधील वाखेनिंगेन विद्यापीठात शेतीचे शिक्षण घेतात. मागाहून आईवडीलही भेटीला जातात आणि ‘चार दिवस सायकलीने मुलूख पाहू’ असा बेत ठरतो. सायकल आपल्याला नवी नाही, रस्ता नवा आहे. म्हणून विमानातून उतरल्याबरोबर लांबच्या वाटेला लागू नये.

घरून निघताना

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो व निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. त्यासाठी ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो.

सामान भरताना घरातील बायामाणसांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दूध, तूप, खवा, पेढे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. रोपे, बियाणे आणि ताजी फळे-भाज्या यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. केळी, नारळ, अननस, खजूर व ड्युरियन एवढ्याच फळांना त्यातून सूट आहे. यात आकस नाही, कीड इकडून तिकडे जाऊ नये हा हेतू आहे. फळमाशीच्या कारणाने २०१४ साली युरोपने आपला आंबा बंद केला होता. २०१५ च्या जानेवारीत ती बंदी उठली. तेव्हा लेकीसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह टाळावा. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट अशा कोरड्या वस्तू न्याव्यात. शेतातले बूट माती काढून, धुऊन मगच पिशवीत घालावेत.

विमानात आणि उतरल्यावर

मुंबईहून थेट विमानाला सुमारे ९ तास लागतात. विमानातील हवा ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते, म्हणजे कळसूबाईच्या शिखरावर असते त्याहूनही विरळ. शिवाय ती कोरडी असते. घोट घोट पाणी पीत राहावे. एका जागी बसून पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो, म्हणून दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारावी.

स्खिपोलचा विमानतळ समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३ मीटर खाली आहे. तेथे पूर्वी हार्लेमरमेर नावाचे मोठे सरोवर होते. वाफेच्या पंपांनी ते उपसून १८५२ साली जमीन मोकळी केली आणि तीवर शेती उभी राहिली. पाण्याचा निचरा म्हणजे काय, ते या देशाकडून शिकावे.

तेथील घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. संध्याकाळी सातलाच डोळे मिटू लागतात आणि पहाटे तीनला जाग येते. दिवसा उजेडात हिंडावे, जेवण तेथील घड्याळाप्रमाणे घ्यावे, दुपारी ताणून देऊ नये. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून झोपताना पडदे ओढावेत. झोप अपुरी असताना सायकलीवर बसू नये.

खरा धोका

माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे सायकल आणि मोटारसायकलीवर गावोगाव फिरण्यात गेली. अशी जुनी सवयच तेथे अडचण ठरते, कारण आपण डावीकडून चालतो आणि तेथे सारे उजवीकडून. आपली मान आधी उजवीकडे वळते. तेथे जवळची गाडी डावीकडून येते. म्हणून पहिला दिवस पायीच काढावा. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे, मग उजवीकडे व पुन्हा डावीकडे पाहावे. तांबड्या रंगाचा पट्टा सायकलींचा असतो. फोटो काढण्यासाठी त्यावर उभे राहू नये.

हे पट्टे सहजासहजी मिळालेले नाहीत. १९७१ साली त्या देशात रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे दगावली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले, १९७३ साली तेलटंचाई आली, आणि सरकारला सायकलीकडे वळावे लागले.

दुसऱ्या दिवशी भाड्याची सायकल घ्यावी. पुष्कळ सायकलींना पायडल उलटे दाबले की ब्रेक लागतो, तो बागेत दहा वेळा लावून पाहावा. फोंडेल पार्कमध्ये सायकल चालविण्यास मोकळीक आहे. पुढील गोष्टी पाठ कराव्यात:

• वळण्याआधी त्या बाजूचा हात दाखवावा.
• ट्रामचे रूळ आडवे कापावेत; तिरके गेल्यास चाक अडकते.
• रस्त्यावरील पांढऱ्या त्रिकोणांची टोके आपल्याकडे असतील तर थांबून दुसऱ्यास वाट द्यावी.
• काही खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला.
• अंधारात पुढे पांढरा व मागे तांबडा दिवा हवा. चालविताना हातात फोन धरण्यास २०१९ पासून बंदी आहे.

पहिली फेरी

हे जमले की मध्यवर्ती रेल्वे स्थानकामागून फुकट होडी मिळते. सायकलीसह पलीकडे उतरावे आणि वॉटरलंड भागात दहा-पंधरा किलोमीटर हिंडून यावे. कालवे, कुरणे आणि आपल्या गोठ्यांतून ओळखीच्या झालेल्या काळ्या-पांढऱ्या गाई दिसतील. चढ नाही, पण समोरचा वारा चढाइतकाच दमवितो. जाताना वारा समोर घ्यावा, म्हणजे थकल्यावर तो पाठीशी असेल.

लांबच्या प्रवासात वाट विचारण्याची फारशी गरज पडत नाही. १९९५ साली बेल्जियममध्ये ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याने सुचविलेली क्रमांकांची पद्धत तेथेही आहे. प्रत्येक फाट्याला आकडा असतो. आदल्या रात्री नकाशावरून आकडे क्रमाने कागदावर लिहून तो कागद खिशात ठेवावा. शेजारी मुक्कामाचा पत्ता आणि मुलांचा फोन नंबरही लिहावा. मग सकाळी न्याहारी करून सावकाश निघावे.