भिंत उचलण्यापूर्वी

भिंत कशी बांधतात हे तुम्ही पाहिलेच आहे. गवंडी विटेवर वीट रचतो, ओळंबा लावून पाहतो आणि भिंत हळूहळू वर चढते. पण जमिनीवर आडवी तयार केलेली आणि मग अख्खी उचलून उभी केलेली भिंत तुम्ही पाहिली आहे का?

अमेरिकेत अशा भिंतींची गोदामे आणि कारखाने पुष्कळ आहेत. या पद्धतीला 'टिल्ट-अप' म्हणतात. कॅलिफोर्नियात रुडॉल्फ शिंडलर या वास्तुशिल्पज्ञाने १९२२ साली आपले घर अशाच भिंतींचे बांधले. ते आजही उभे आहे.

प्रथम इमारतीची काँक्रीटची जमीन ओततात. ती कडक झाली की तिच्यावरच भिंतीचा साचा मांडतात. भिंत जमिनीला चिकटू नये म्हणून आधी एक द्रव फवारतात. साच्यात सळ्यांची जाळी ठेवतात, दारे-खिडक्यांच्या जागा मोकळ्या सोडतात, क्रेन जोडण्यासाठी पोलादी तुकडे बसवतात आणि मग काँक्रीट ओततात. काही दिवसांनी क्रेन भिंत उचलते. छत जोडले जाईपर्यंत ती तिरक्या टेकूंवर उभी असते.

वाचायला हे सोपे वाटते. आता वजन काढू. भिंत ६ मीटर रुंद, ९ मीटर उंच आणि १८ सेंटिमीटर जाड आहे. तिचे घनफळ ९.७२ घनमीटर. एक घनमीटर काँक्रीट सुमारे २,४०० किलो भरते. म्हणजे भिंत २३ टनांहून जड झाली! (घनफळाचा उपयोग काय, असे वर्गात मला नेहमी विचारतात.)

या भिंतीत खाली मधोमध ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच दार ठेवले, तर वजन साडेएकोणीस टनांच्या आसपास येते. पण गुरुत्वमध्य, ज्याला तुम्ही उर्दूत मरकझ-ए-सिक्ल म्हणता, तो साडेचार मीटरवरून ५.१ मीटर उंचीवर जातो. दार एक मीटर डावीकडे सरकवले, तर तो २० सेंटिमीटर उजवीकडे सरकतो. क्रेनच्या जोडण्या मात्र जुन्याच जागी राहिल्या, तर भिंत हवेत तिरकी लोंबेल. पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्याने टांगा, त्याला खाली एका बाजूला दार कापा आणि पुन्हा टांगून पाहा.

पूर्वी दर्शनी नकाशा वेगळा, सळ्यांचा वेगळा, जोडण्यांचा वेगळा असे. एकात दार सरकवले आणि दुसऱ्यात विसरले, की चूक थेट साच्यात उतरे. आता अभियंते 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' वापरतात. रेव्हिट, टेकला ही त्यासाठीची सॉफ्टवेअर आहेत. त्यांत भिंत म्हणजे नुसती रेघ नसते. तिला जाडी असते, पदार्थ असतो, आत सळ्या असतात. दार सरकवले की त्या एकाच प्रतिकृतीतून निघणारे सगळे नकाशे बदलतात, घनफळ व वजनही नव्याने मिळते. विजेची नळी क्रेनच्या जोडणीवर आदळत असेल, तर तेही पडद्यावर आधीच दिसते. पडद्यावर दुरुस्तीला दोन मिनिटे पुरतात. काँक्रीट घट्ट झाल्यावर भिंत फोडावी लागते.

छताशी भिंत बांधणाऱ्या पोलादी पट्ट्याही अशाच आधी बसवाव्या लागतात. त्या किती मोलाच्या आहेत, हे १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात कळले. तेथे टिल्ट-अप इमारतींच्या भिंती छतापासून सुटल्या. त्यानंतर या जोडण्यांचे नियम कडक झाले.

तरीही पडद्यावरची भिंत कधी कच्ची नसते, खरी असू शकते. म्हणून त्याच काँक्रीटचे नमुने वेगळे ठेवून दाबून तपासतात, कारण उचलतानाच भिंतीला वाकवणारा ताण फार मोठा असतो. नमुने उतरले की मगच क्रेनवाल्याला इशारा मिळतो. त्या वेळी भिंतीखाली किंवा ती पडू शकेल अशा बाजूला कोणीही उभे राहायचे नसते, मुख्य अभियंत्यानेसुद्धा नाही.