किल्ल्यातला मुक्काम आणि साडीचा काठ

कपड्याच्या व्यापारात आमची तीस वर्षे गेली, त्यामुळे लॉजचे आम्हाला नवल नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी, सुरत, माल घ्यायला कुठेही जा: स्टेशनजवळची खोली, लोखंडी पलंग, बादलीभर गरम पाणी, आणि पहाटे उठून पुन्हा बाजार. मुक्कामाच्या जागेलाही इतिहास असतो आणि लोक त्या इतिहासाचे पैसे मोजतात, हे आम्हाला या वयात कळले, ते पुतण्यामुळे.

दवनीवाड्यातले आमचे घर आजोबांनी बांधलेले आहे. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, वर कवेलू आणि पुढच्या खोलीत दुकान. पुतण्याचे म्हणणे असे की हे पाडून दोन मजली लॉज काढावा, खाली दुकान, वर गुळगुळीत फरशीच्या आठ खोल्या. थोरला मुलगा म्हणाला, "अब्बा, पाडण्याआधी जुनी वास्तू चालवणारे ती कशी चालवतात, ते तरी बघून या." त्यानेच महेश्वरच्या अहिल्या फोर्टमध्ये एका रात्रीची खोली घेऊन दिली. भाड्याचा आकडा आम्ही येथे लिहीत नाही. आमच्या गल्ल्याशी त्याची तुलना करावी अशी आमची इच्छा नाही!

महेश्वर मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी, इंदूरपासून सुमारे ९० किलोमीटर. पण गाव मराठी माणसाला परके नाही. चौंडी गावची लेक अहिल्याबाई होळकर यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत येथूनच राज्य चालवले. राजधानी इंदूरला गेली ती नंतर, १८१८ साली. होळकरांच्या शेवटच्या महाराजांचे पुत्र रिचर्ड होळकर यांनी २००० साली किल्ल्यातले आपले राहते घर पाहुण्यांसाठी उघडले. अशा हॉटेलांना आजकाल बुटीक हॉटेल म्हणतात. खोल्या मोजक्या, एक खोली दुसरीसारखी नाही, आणि जागेचा इतिहास हाच तिचा खरा माल.

आम्हाला अपेक्षा होती झुंबरांची आणि गालिच्यांची. पाहिले ते निराळेच. जुन्या भिंतीला जुनेच राहू दिलेले. चौक, झाडे, दगडी पायऱ्या, आणि खाली नर्मदेचे रुंद पात्र. शेजारच्याच वाड्यात अहिल्याबाईंची गादी आहे. ती बघायला गावचे आणि परगावचे लोक मोकळेपणी येतात. गादी म्हणजे पांढरी बैठक आणि तक्क्या, सिंहासन नव्हे. एवढे राज्य अशा बैठकीवरून चालले, हे पाहून आम्ही थोडा वेळ तेथेच उभे राहिलो. दुकानात आम्हीही गादीवरच बसतो, पण तेवढ्यावरून काही कोणी राजा होत नाही.

रात्री झोप लवकर लागली नाही. सवयीने हात पलंगपोसाच्या कापडाकडे गेला आणि मनात हिशेब सुरू झाला: ताणा कसला, बाणा कसला, मागावर किती वेळ लागला असेल?

सकाळी घाटावर उतरलो, तेव्हा या गावाचे मर्म समजले. किल्ल्याच्या दगडावर जी नक्षी, तीच महेश्वरी साडीच्या काठावर. चटाई, वीट, हिरा, चमेलीचे फूल. आणि लहरिया म्हणजे समोरची नर्मदाच. आम्ही ही नावे वर्षानुवर्षे गिऱ्हाइकाला ऐकवत आलो, पण ज्या दगडावरून ती उचलली तो दगड कधी पाहिला नव्हता. अहिल्याबाईंनी सुरत आणि इतर ठिकाणांहून विणकर आणून येथे वसवले आणि पाहुण्यांना भेट देण्यासाठी साड्या विणून घेतल्या, असे गावात सांगतात. विणकरांत मोमीन अन्सारी बिरादरीची घरे पुष्कळ आहेत. मधल्या काळात धंदा बसत चालला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी काढली आणि स्त्रियांनाही मागावर बसवले. सोसायटीचे माग किल्ल्यातच आहेत. पाहुणा खोलीतून निघतो, धोट्याचा आवाज ऐकतो, आत डोकावतो आणि साडी घेऊन बाहेर पडतो. व्यापारी म्हणून सांगतो, यापेक्षा चांगली दुकानाची जागा आम्ही पाहिलेली नाही.

पण गावात फक्त सोसायटी नाही, गल्ल्याही आहेत. एका गल्लीत वयस्क विणकराच्या घरी बसलो. चहा झाला. आम्ही विचारले, "हॉटेलमुळे फायदा होतो का?" ते म्हणाले, "होतो, भाईजान. पाहुणा एक साडी घेतो आणि भाव करत नाही. पण आमचे घर त्याच्यावर चालत नाही, तुमच्यासारख्यांवर चालते. आणि तुम्ही लोक यंत्रमागाची नक्कल दाखवून आमचा भाव पाडता."

आम्ही काय बोलणार? आमच्या कपाटात तोच माल आहे. यंत्रमागावरची साडी, महेश्वरी डिझाइन, आणि लग्नसराईत गिऱ्हाइकाने "महेश्वरी का?" विचारले की आम्ही मान हलवतो. खोटे बोललो नाही, अशी स्वतःची समजूत घालत आलो. त्यांनी एक साडी उलटी करून आमच्या मांडीवर टाकली. काठ दोन्ही बाजूंनी सारखा. कोणती बाजू सुलटी हे आम्हाला, तीस वर्षांच्या व्यापाऱ्याला, सांगता येईना! ताण्यात रेशीम, बाण्यात सूत, आणि मध्येच कुठे हाताचा ठोका किंचित हलका पडलेला. तो त्यांनीच बोट ठेवून दाखवला. म्हणाले, "हा दोष नाही, ही सही आहे."

बारा साड्या रोखीने घेतल्या, त्यांनी सांगितलेल्या भावाने.

घरी आल्यावर दुकानात दोन वेगळी कपाटे केली. एकावर पाटी लावली, "महेश्वरी हातमाग", दुसऱ्यावर "यंत्रमाग, महेश्वरी नमुना". पहिल्याच आठवड्यात एक जुने गिऱ्हाईक दोन्ही पाट्या वाचून आमच्याकडे बघत राहिले. "मागच्या वर्षी मुलीच्या लग्नात घेतल्या, त्या कोणत्या कपाटातल्या?" आम्ही खरे ते सांगितले. त्या बाई काही न घेता गेल्या.

पुतण्या सगळे ऐकून घेतो आणि म्हणतो, "चाचा, महेश्वरला अहिल्याबाई होत्या. दवनीवाड्यात कोण येणार?" त्याचे म्हणणे चूक नाही. येथे धानाच्या बांध्या आहेत, राजवाडा नाही. आम्ही एवढेच म्हटले की मागची बाजू पाड, खोल्या बांध, पण पुढची कवेलूंची खोली आणि तिचे खांब राहू दे. ठेकेदार येत्या सोमवारी माप घ्यायला येणार आहे. पुतण्याने अजून हो म्हटलेले नाही.